काळीवरचे घर : मुरुडच्या निमित्ताने शेतघराच्या रचनेची मीमांसा

१

महाराष्ट्रात मुरुड या नावाची दोन गावे विशेष परिचित आहेत. एक रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्याच्या परिसरात समुद्रकाठी वसलेले. दुसरे मराठवाड्यात, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या मार्गावरचे. पहिल्याच्या आसमंतात नारळी-पोफळीच्या वाड्या, दमट हवा आणि मुसळधार पाऊस. दुसऱ्याच्या आसमंतात काळी जमीन, कोरडा उन्हाळा आणि भरवसा नसलेले पर्जन्यमान. उच्चार सारखा असला म्हणून अर्थ सारखा होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. शेतात घर बांधू पाहणाऱ्याला मात्र ते पुनःपुन्हा सांगावे लागते, असे दिसते.

वस्तीपासून दूर, आपल्या शेतात, वर्षातील काही दिवस निवांतपणे काढण्यासाठी एक लहानसे घर असावे, ही इच्छा शहरवासी मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेल्या आणि वडिलोपार्जित जमीन राखून असलेल्या मराठवाड्यातील कुटुंबांतही ती आढळते. अशा घराचे मनातील चित्र बहुधा दोहोंपैकी एका ठिकाणाहून येते. एक तर कोकणकिनाऱ्यावरील गाजलेल्या वास्तूंच्या छायाचित्रांवरून. अथवा आजोळच्या माळवदाच्या आठवणीवरून. पहिले चित्र परप्रांतीचे आहे म्हणून ते टाकाऊ, आणि दुसरे आपल्या मातीतले आहे म्हणून ते आपोआप ग्राह्य, अशी सोपी विभागणी करण्याकडे सुशिक्षितांचा कल असतो. प्रस्तुत लेखात या विभागणीचीच परीक्षा करावयाची आहे. कारण लातूर जिल्ह्यात, १९९३ नंतर, आपल्या मातीतले म्हणून कोणतेही छप्पर निर्धास्तपणे डोक्यावर घेता येत नाही.

२

आरंभ शब्दांपासून करणे इष्ट होईल. दख्खनच्या गावगाड्यात जमिनीचे एक मूलभूत द्वंद्व होते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या मराठी कागदपत्रांत हे जोडपद सर्रास आढळते. रंगावरून पडलेल्या या नावांच्या मुळाशी प्रत्यक्ष निरीक्षण आहे. पिढ्यान्पिढ्यांच्या वस्तीने, चुलींच्या राखेने आणि पडलेल्या भिंतींच्या मातीने गावठाणाची जमीन पांढुरकी होते. मराठवाड्यातील गढ्या या पांढऱ्या मातीच्या आहेत, आणि माळवदावर पसरावयाची मातीही हीच. मुरुडपासून फार दूर नसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील पांढरीची टेकाडे तर सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष पोटात घेऊन उभी आहेत.

काळीचा स्वभाव याहून निराळा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कापूस, ज्वारी वा तूर यांना हा गुण मानवतो. भिंतीला मानवत नाही. उथळ पायाची भिंत मातीबरोबर वर-खाली होते आणि चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरपी तडकते. पाया मुरमापर्यंत नेणे, किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीचे, तळाशी फुगीर केलेले खांब जमिनीत खोलवर उतरवणे, हे यावरचे उपाय होत. परंतु जुन्या शेतकऱ्याचा उपाय अधिक साधा होता : तो काळीवर घर बांधतच नसे. काळीवर त्याची गुरांचा कोठा, कडब्याची गंज, राखणीचा माचा आणि उतरत्या गवताची खोप एवढीच बांधणी असे. परभणी, हिंगोली, नांदेडकडे शेतातील अशा ठिकाणाला ‘आखाडा’ म्हणतात. या साऱ्या शब्दांत कामाचा अर्थ आहे. काळीवर श्रमावयाचे आणि पांढरीवर येऊन विसावयाचे, असा तो क्रम होता.

विश्रांतीसाठी बांधलेले शेतघर हा क्रम उलटा करते. ज्या जागी गाव कष्टते त्या जागी ते विसावा मागते. ‘शेतघर’ हा सामासिक शब्द म्हणूनच दिसतो तितका निरुपद्रवी नाही. त्याची दोन पदे परंपरेने एकमेकांपासून दूर ठेवलेली होती. परंपरा मोडू नये असे येथे सुचवावयाचे नाही. ऊस-बागायतीपायी आणि भाऊहिश्श्यांमुळे शेतातील वस्त्या वाढल्याच आहेत. परंतु जो क्रम मोडावयाचा, तो कशासाठी होता हे मोडणाऱ्याला ठाऊक असावे, एवढी अपेक्षा गैर ठरणार नाही.

३

घराच्या रचनेची चिकित्सा कोणत्या निकषांनी करावी? वास्तूला भाषेची उपमा देण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. परंतु ती बहुधा खांब म्हणजे शब्द आणि दर्शनी भाग म्हणजे वाक्य, एवढ्यावर थांबते. आपल्याकडील शाब्दबोधाच्या चर्चेने याहून काटेकोर साधन दिले आहे. पदसमूहातून वाक्यार्थ निष्पन्न व्हावयाचा तर आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक असतात, असे नैयायिक व मीमांसक सांगतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातून ही त्रयी प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे. गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी पदे ओळीने उच्चारली तरी वाक्य होत नाही, कारण एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा नाही. येथे आकांक्षा नाही. अग्नीने शिंपावे असे म्हटले तर व्याकरण बिनचूक आहे, परंतु अर्थांचा मेळ बसत नाही. येथे योग्यता नाही. आणि एक पद सकाळी व दुसरे दुपारी उच्चारले तर सन्निधी नाही. शेतघराच्या ज्या नमुन्यांचे सध्या अनुकरण होते, ते या तीन कसोट्यांवर घासून पाहता त्यांचे गुणदोष बरेच स्पष्ट होतात.

योग्यतेपासून आरंभ करू. रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे नारळाच्या बागेत, समुद्राजवळ, वास्तुकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने बांधलेले ‘पाल्मायरा हाऊस’ २००७ साली पूर्ण झाले आणि २०१० साली आगाखान वास्तुपुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत पोचले. दोन लांबट लाकडी इमारती एकमेकींसमोर उभ्या, मध्ये फरसबंद अंगण आणि पाण्याचा अरुंद हौद. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, सांधे एकमेकांत गुंतवलेले. भिंतींच्या जागी ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या झिलमिल्या. त्यांतून वारा वाहतो आणि उजेड चाळून आत येतो. आवारातील विहिरींचे पाणी उंच टाकीत चढवून तेथून उताराने घरात सोडले आहे. नांदगावी ही प्रत्येक योजना सार्थ आहे. दमट हवेत अंगाला सुख देतो तो वारा. म्हणून भिंत सच्छिद्र हवी. बाग वाहती आहे, म्हणून माळी आहे आणि घर वर्षभर कोणाच्या तरी नजरेखाली आहे. ताड आणि माड यांच्या छायेत ताडाची झिलमिली ही त्या स्थळाच्या अर्थाशी जुळणारी आहे.

हेच घर लातूरच्या मुरुडला आणून ठेवले तर काय होईल? वैशाखात दुपारी तेथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि वारा कोरडा व धुळीचा असतो. अशा वेळी सच्छिद्र भिंत घराला थंड करीत नाही. ती बाहेरची भट्टी आत आणते. येथे दुपारी बंद आणि रात्री खुले असणारे घर हवे. दिवसाची उष्णता पोटात धरून ती आठ-दहा तासांनी, बाहेर हवा निवल्यावर, सोडणारी जाड भिंत हवी. झिलमिलीचे सुतारकाम कितीही निर्दोष असो, मुरुडच्या वैशाखात ते अग्नीने शिंपण्यासारखे आहे. दोष नांदगावच्या वास्तूचा नाही. नामसाम्यावरून अर्थसाम्य गृहीत धरणाऱ्याचा आहे. चांगल्या कृतीचे अनुकरण तिच्या शब्दांचे केले की फसते, तिच्या विचारपद्धतीचे केले तर साधते. जैन यांची पद्धत, म्हणजे स्थळ काय मागते हे आधी ठरवून मग साहित्य आणि कारागिरी ठरवणे, मुरुडलाही लागू पडेल. परंतु तिचे उत्तर वेगळे येईल.

४

सन्निधीचा विचार करताना सेवाग्रामची आठवण अपरिहार्य आहे. दूरच्या खेड्यात, मोजक्या साहित्यात बांधलेल्या लहान घराचे महाराष्ट्रातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण तेथे आहे. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले. त्या गावाचे नाव पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. आपले घर स्थानिक साहित्याने, स्थानिक मजुरांकडून आणि शंभर रुपयांच्या आत बांधले जावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून ‘आदि निवास’ उभा राहिला. पुढे ‘बापू कुटी’ म्हणून प्रसिद्ध झालेली झोपडी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. नंतर गांधीजी तेथे राहू लागले. मातीच्या भिंती, बांबू, कौले, खाली उतरलेली पडवी आणि भिंतीवर मीराबेन यांनीच मातीत उठवलेली ताडाच्या झाडांची व चरख्याची चित्रे, एवढाच तिचा सरंजाम. इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला केलेल्या भाषणात या कुटीच्या आधारे माणसाचे राहते घर आणि वस्तूंचे साठवणघर यांतील भेद उलगडून दाखवला, तो उचितच होता.

वास्तुकार लॉरी बेकर हे गांधीजींना भेटले होते. आदर्श खेड्यातील घर त्या ठिकाणापासून पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधता यावे, हा गांधीजींचा विचार आपल्या साऱ्या कामाचा आधार असल्याचे ते सांगत. हा नियम म्हणजे सन्निधीचे सूत्रच होय. परंतु त्याचा शब्दशः अर्थ घेतला की तो फसवा ठरतो. सन्निधी केवळ साहित्याची नसते. ते हाताळणाऱ्या हातांचीही असते. पाच मैलांच्या आत माती आहे, पण ती कधी, किती आणि कशी घालावी हे जाणणारा माणूस आता तितक्या अंतरात राहिला आहे काय, हा प्रश्न मराठवाड्यात आज अधिक महत्त्वाचा आहे. माळवद घालणारे हात थकले. सिमेंटचा गिलावा करणारे हात गावोगाव आहेत. सन्निधीचा प्रामाणिक हिशेब केला तर तालुक्याच्या भट्टीवरची वीट आणि गावातील गवंड्याने नीट बांधलेला सळईचा पट्टा हेही मुरुडच्या पाच मैलांतलेच ठरतील, आणि लांबून मागवलेला मातीकामाचा विशेषज्ञ परका ठरेल. विटेला तर या मुलखात फार जुना मान आहे. तेरचे त्रिविक्रमाचे मंदिर मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेल्या प्राचीन चैत्यगृहाच्या घाटाचे असून ते विटांचेच आहे. दगड-मातीचे माळवद एवढेच मराठवाड्याचे वास्तुरूप, ही समजूत तेर पाहणाऱ्याला धरून ठेवता येत नाही.

५

आता माळवदाकडे, आणि त्याबरोबर आकांक्षेकडे वळावयास हवे. येथेच प्रश्नाचे गांभीर्य आहे.

माळवदाच्या घराचे परिमाण म्हणजे खण. दोन खांबांमधील अंतर एक खण; तीन खणांचे, पाच खणांचे घर असे मोजमाप बोलण्यात असे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या वा काटक्या, त्यांवर पाला व चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. उजेडासाठी व धुरासाठी छपराला सानं, पाणी वाहून जाण्यास पन्हाळ. भोवती दगड-मातीच्या दोन-अडीच फूट, क्वचित त्याहूनही जाड भिंती, त्यांत देवळ्या व कोनाडे, पुढे ढेळज. चांगल्या घरात छपराचा भार मुख्यतः लाकडी सांगाडा वाहत असे. भिंत ही वेष्टन होती.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, याच लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्यू पावली. हा प्रदेश तोवर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. भारतीय मानकाच्या २००२ मधील सुधारणेत किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला. या महत्तेच्या भूकंपात इतकी माणसे जावीत, याचे कारण भूमीइतकेच घरांत होते.

नंतर झालेल्या तांत्रिक पाहण्यांनी जे दाखवले ते आकांक्षेच्या परिभाषेत असे मांडता येईल. जाड दिसणारी भिंत वस्तुतः एक भिंत नव्हतीच. आत एक दर्शनी थर, बाहेर एक दर्शनी थर, मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर, अशी ती होती. दोन्ही थरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नव्हत्या. दगड शेजारी शेजारी होते, परंतु एकाला दुसऱ्याची आकांक्षा नव्हती. गाय, घोडा, माणूस, हत्ती यांसारखा तो पदसमूह होता. पहिल्याच हादऱ्यात थर सुटले आणि भिंती आत-बाहेर कोसळल्या. उलट, अनेक ठिकाणी भिंती पडल्यावरही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला आढळला, कारण त्याच्या घटकांमध्ये परस्परापेक्षा शिल्लक होती. जेथे सांधे कुजले होते किंवा छपराचा भार भिंतीवरच टेकलेला होता, तेथे माळवदही खाली आले.

त्या माळवदाचे वजन किती असावे? भिजट मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,७०० किलो धरले तर एक फूट जाडीच्या थराचे वजन प्रत्येक चौरस मीटरला अर्धा टन होते. पन्नास चौरस मीटरच्या लहानशा घरावर हा भार पंचवीस टनांचा. थर दोन फुटांचा असेल तर पन्नास टनांचा. आणि तो तसा झालेला असे, कारण गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी नवी माती घातली जाई व जुनी काढली जातेच असे नाही. प्रत्येक पिढीने छपरात आपली भर घातली. उणे काही झाले नाही. भूकंपात घरावर येणारा आडवा धक्का वजनाच्या प्रमाणात वाढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्या थराने वैशाखात सावली दिली त्यानेच त्या पहाटे काय केले, याचा उलगडा होतो.

पुढचा परिणाम सर्वज्ञात आहे. बाधित मुलखात दगड-मातीवरचा विश्वास उडाला. अनेक खेडी नव्या जागी, सरळ रेषेतील रस्त्यांवर वसवली गेली. ‘माळवद’, ‘खण’, ‘ढेळज’ हे शब्द नव्या घरांतून गेले, कारण त्या वस्तूच गेल्या. आणि आता, तीस-पस्तीस वर्षांनी, ते शब्द शेतघरांच्या नकाशांवर परत येत आहेत. पडलेल्या वाड्यांचे नक्षीदार खांब विकत घेऊन ते काँक्रीटच्या ओसरीपुढे उभे केले जातात. त्यांवर तुळई टेकलेली नसते. भिंतीला बाहेरून दगडाची चकती डकवली जाते. अशा रचनेतील खांब हे निराकांक्ष पद आहे. ते काही उचलत नाही, त्याला काही अपेक्षित नाही. ते केवळ उच्चारले आहे. याहून धोक्याचा दुसरा प्रकार म्हणजे जुन्याची निष्ठापूर्वक नक्कल : तीच दगड-मातीची भिंत, तोच मातीचा थर, आणि आरपार दगडाची तीच अनुपस्थिती. पहिल्यात नुसता खोटेपणा आहे. दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. माळवदाच्या घराचे सत्त्व दगड आणि माती या पदांत नव्हते, खणाच्या अन्वयात होते. १९९३ ने फेटाळली ती सैल पदरचना. अन्वय फेटाळला असे म्हणता येत नाही. हा भेद न करणारे दोन्ही पक्ष, काँक्रीटवाले आणि मातीवाले, एकच चूक करतात.

६

तथापि एवढ्याने विषय संपत नाही. तिन्ही कसोट्यांवर उतरलेल्या वाक्यालाही कर्ता लागतो. मातीच्या घराचा कर्ता म्हणजे त्यात राहणारा माणूस होय. भुई सारवणे, भिंतीला पोतेरे देणे, पन्हाळ मोकळा करणे, मृगापूर्वी छपरावर चढून चिरा बुजवणे, वाळवीची वाट मोडणे, चुलीच्या धुराने लाकूड राखणे, ही कामे रोजची आणि वर्षाची. ती थांबली की घर पडू लागते. सेवाग्रामची कुटी आजही उभी आहे ती आश्रमातील माणसे तिला सतत सावरीत आली म्हणून. बोलणाऱ्यांवाचून भाषा राहत नाही, तद्वत् राहणाऱ्यांवाचून मातीचे घर टिकत नाही.

विश्रांतीसाठी बांधलेल्या शेतघराचा मालक वर्षातील पंधरा-वीस दिवस तेथे असतो. उरलेले अकरा महिने घर बंद. म्हणजे ज्या प्रकारच्या घराला अहोरात्र कर्ता हवा, ते अशा माणसाने बांधावयाचे की जो ठरवूनच अनुपस्थित आहे. ही विसंगती या वास्तुप्रकाराच्या मुळाशीच आहे आणि तिच्यावर रेखाटनाच्या कौशल्याने मात करता येत नाही. नकाशावर ती दिसत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात दिसते.

व्यवहारात या विसंगतीचे उत्तर एका दुसऱ्या माणसाच्या रूपाने आधीच दिलेले असते. शेतावर सालगडी असतो. त्याचे कुटुंब असते. घराची राखण, झाडांना पाणी, छपराची डागडुजी त्याच्याकडे येते. व्याकरणात ज्याला आपण गम्य कर्ता म्हणतो, म्हणजे जो वाक्यात उच्चारला जात नाही पण ज्याच्यावाचून क्रिया घडत नाही, तो हा. नकाशावर त्याची खोली बहुधा कोपऱ्यात असते, किंवा नसतेच. तो पत्र्याच्या निवाऱ्यात राहतो. ज्या पत्र्याखाली वैशाखात कोणी दुपार काढू शकत नाही, त्याच्याखाली वर्षभर राहणाऱ्याने, वीस दिवस येणाऱ्यासाठी थंड भिंती सारवावयाच्या, असा हा प्रकार आहे. निसर्गाच्या सान्निध्यातील साधे जीवन, असे ज्याचे वर्णन केले जाते, त्याच्या साधेपणाचा भार नेमका कोण वाहतो, हे येथे उघड होते.

७

या विवेचनातून मुरुडच्या शेतातील लहान घराविषयी काही निष्कर्ष निघतात. ते आराखडा म्हणून नव्हे, परीक्षणाचे निकष म्हणून नोंदवणे योग्य होईल.

जागा काळीच्या मध्यभागी नसावी. शेताच्या कडेला मुरमाचा उंचवटा असेल तर तो घ्यावा, म्हणजे पीकही वाचते आणि पायाही. रचना खणाची असावी, म्हणजे भार वाहणारा सांगाडा आणि वेष्टन करणारी भिंत यांचे काम वेगळे राहील. सांगाडा लाकडाचा, लोखंडाचा की काँक्रीटचा हा प्रश्न दुय्यम आहे. भिंत विटेची वा दगडाची असो, तिचे दोन्ही थर आरपार बांधलेले, कोपरे एकमेकांत गुंतलेले आणि दारांवरच्या पातळीला घराभोवती एक सलग पट्टा फिरलेला हवा. भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानके हेच सांगतात. छपरावर माती घालावयाचीच तर तिची जाडी आधी ठरवून ती लिहून ठेवावी, आणि नवी घालण्यापूर्वी तितकी जुनी काढावी. तुळईवर ‘येथे सहा इंचांहून अधिक माती घालू नये’ असे कोरणे हा कोणत्याही नक्षीहून श्रेष्ठ अलंकार ठरेल. ढेळज असावी, पण ती शोभेची नको. शेतावर येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकावयास सावलीची जागा हवी.

पाण्याचा हिशेब तर आधी मांडला पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीचा मार्ग मुरुडवरूनच जातो. ज्या मुलखाने हे पाहिले आहे तेथे हौद हा हौसेचा विषय राहत नाही. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर पन्नास चौरस मीटर छपरावर ३५,००० लिटर पाणी पडते. गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे २८,००० लिटर साठवता येईल. माणशी रोज चाळीस लिटर धरल्यास दोन माणसांना ते जवळजवळ वर्षभर पुरते. अवर्षणाच्या साली निम्मेच भरेल. म्हणजे या छपराचे पाणी दोनच माणसांचे आहे. ती दोन माणसे कोण, हे ठरवल्यावाचून हौदाचे माप काढता येत नाही.

आणि येथेच शेवटचा निकष येतो. वर्षभर राहणाऱ्याचे घर आधी रेखाटावे आणि पाहुण्यासारख्या येणाऱ्या मालकाची खोली त्याला जोडावी. त्या घराचा सांगाडा, पट्टा, भिंतीची जाडी आणि पाणी यांत मालकाच्या खोलीपेक्षा तसूभरही उणे असू नये. असे केले तर मातीच्या छपराला त्याचा कर्ता मिळतो, हौदाला माप मिळते, काळीवर बांधलेल्या घराला तेथे असण्याचे कारण मिळते. मुरुडच्या शेतात उभ्या राहणाऱ्या कोणत्याही लहान घराचे परीक्षण करताना दर्शनी ओसरीपासून सुरुवात न करता, त्या आवारात रात्री कोण झोपते आणि कोणत्या छपराखाली झोपते, येथून करावी. किल्लारीने पहाटे चारला हाच प्रश्न विचारला होता.